विश्लेषण : घरी बनवलेल्या ऑर्गनचे लाकडी पाइप कसे वाजतात? गणित सोपे, मग हौशी कारागीर अडतात कुठे?

मराठी रसिकाला ऑर्गन म्हटला की संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. त्यात धातूच्या पट्ट्या कंप पावून सूर निघतो. पाइप ऑर्गनमध्ये मात्र प्रत्येक स्वराला स्वतंत्र नळी लागते. युरोप-अमेरिकेतले काही हौशी लोक असा ऑर्गन घरीच बनवतात, तोही बहुतेक लाकडी पाइपांचा. धातूच्या पाइपसाठी कथील आणि शिसे वितळवून पत्रा ओतावा लागतो. लाकडाला रंधा, पटाशी आणि गोंद पुरतो. लाकूड म्हणजे दुय्यम पर्याय, असेही नाही. डेन्मार्कच्या फ्रेडरिक्सबोर्ग किल्ल्यातला १६१० चा ऑर्गन आजही वाजतो आणि त्याचे सर्व १००१ पाइप लाकडी आहेत.

पाइप वाजतो कसा?

हा पाइप म्हणजे मोठी चौकोनी शिट्टीच. चार फळ्यांची नळी, तळाशी ठोकळा, त्यावर झाकण आणि दोहोंमध्ये अरुंद फट. फटीतून निघालेला हवेचा पातळ झोत वरच्या ओठाच्या धारेवर आदळून आत-बाहेर झुलतो आणि नळीतली हवा कंप पावू लागते.

छताला लागणारा पाइप

पियानोच्या मधल्या ‘सी’ची कंपनसंख्या सुमारे २६२ हर्ट्झ. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर त्यासाठी साधारण ६५ सेंटीमीटरची उघडी नळी लागते. प्रत्यक्षात थोडी कमी. दोन सप्तके खाली गेल्यावर हीच लांबी २.६ मीटर होते, म्हणजे फ्लॅटचे छत जवळ आले. उपाय जुना आहे : नळीच्या वरच्या तोंडाला चामडे लावलेले बूच बसवायचे. मग निम्म्या लांबीत तोच सूर मिळतो, फक्त आवाज मऊ आणि काहीसा पोकळ येतो. सूर जुळवायचा तर बूच वर-खाली सरकवायचे.

खरी परीक्षा तोंडाची

लांबी चुकली तर सावरता येते. तोंडाची उंची जास्त कापली गेली तर लाकूड परत चिकटत नाही. तोंड फार बुटके राहिले तर पाइप मूळ सूर सोडून वरच्या सुरात उडी मारतो. फार उंच झाले तर उशिरा बोलतो, आवाज मंद होतो आणि त्यात हवेची फसफस मिसळते. त्यामुळे तोंड रुंदीच्या साधारण पावपट उंचीचे ठेवून सुरुवात करायची आणि पाइप वाजवत वाजवत कानसेने थोडे थोडे वाढवायचे. ४९ पट्ट्यांच्या ऑर्गनला एका रांगेतच ४९ पाइप, म्हणजे हा खेळ ४९ वेळा.

यात एक अट आहे, ती पाळायचा कंटाळा महागात पडतो. हवेचा दाब आधी कायम ठरवावा लागतो, कारण नंतर तो बदलला तर सगळीच तोंडे चुकीची ठरतात. पाणी भरलेल्या ‘यू’ आकाराच्या पारदर्शक नळीने तो मोजता येतो. दोन्ही बाजूंच्या पाण्यात ५० ते ७५ मिलिमीटरचा फरक सहसा पुरेसा असतो.

एवढे करूनही हवामान उरतेच. दमट हवेत लाकूड फुगून बूच अडकते. खोली १० अंशांनी तापली तर सूर सुमारे ३० सेंट, म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळपास एक तृतीयांशाने चढतो. सगळे पाइप एकत्रच चढत असल्याने ते सहसा जाणवत नाही. सोबतीला पियानो असेल तर लगेच कळते.