नावातला ळ आला कुठून?

तुमच्या वर्गाचा हजेरीपट आठवा बघू. आरव, अन्वी, विहान, रेवा, अद्वैत, शर्वरी... आता त्यात एक तरी ळ शोधून दाखवा. आडनावं धरायची नाहीत हं, फक्त नावं! बहुतेकांच्या हाती भोपळा येणार. आता आजी-आजोबांच्या पिढीकडे वळा. गोपाळराव, बाळासाहेब, तुळसाबाई, निळकंठ, मंगळा, काळूराम. जिकडेतिकडे ळ!

ळपासून सुरू होणारं नाव मात्र आजोबांच्या पिढीतही मिळायचं नाही. नावच काय, मराठीत असा शब्दच नाही. म्हणून तर भेंड्या खेळताना कुणी गाणं ळवर आणून सोडलं की "ळ नाही, ल घ्या!" असा गलका होतो. हा ळ असा शब्दाच्या दारातच का अडतो, ते पुढे कळेल. आधी एक प्रयोग करू.

आरशासमोर उभे राहा, तोंड जरा जास्त उघडा आणि म्हणा, 'ला'. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकलं ना? आता म्हणा, 'ळा'. जीभ उलटी वळली, टोक वर टाळूकडे गेलं आणि फटकन खाली आपटलं. दोन्ही वेळा हवा जिभेच्या बाजूंनी निसटते, फरक फक्त जीभ टेकण्याच्या जागेचा. आता 'लाळा-लाळा-लाळा' असं भराभर म्हणा. (घरातल्यांनी विचारलं तर सांगा, विज्ञानाचा अभ्यास चालू आहे.)

ळ तसा फार जुना. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत तो भेटतो. इळा नावाची एक देवीही ऋग्वेदात आहे. तिथे दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या 'ड'चा उच्चार 'ळ' होत असे. पुढच्या काळातल्या संस्कृतातून मात्र ळ गायब झाला आणि इळेची इडा किंवा इला झाली. आज एखाद्या मुलीचं नाव इला असेल, तर तिने ऋग्वेदातला आपला ळ जरूर बघून यावा.

आपल्या मराठीतला ळ मात्र बहुतेक शब्दांत त्या 'ड'चा नाही, तो 'ल'पासून आला. संस्कृतातून प्राकृत आणि प्राकृतातून मराठी असा शब्दांचा प्रवास शेकडो वर्षं चालला होता. त्या वाटेवर दोन स्वरांच्या मध्ये एकटा सापडलेला ल बदलून ळ झाला. फल झालं फळ, मूल झालं मूळ, तुलसीची झाली तुळस. जोडीने असलेला ल्ल मात्र वाचला. तो ळ झाला नाही, नुसता ल होऊन राहिला. प्राकृतातल्या 'गल्ल'चा आपला गाल झाला, गाळ नव्हे!

आणि शब्दाच्या सुरुवातीचा ल? त्याच्या आधी स्वरच नाही, मग तो मध्ये सापडणार कसा? तो जसाच्या तसा राहिला. म्हणून ळपासून शब्द सुरू होत नाही. याचा झकास पुरावा म्हणजे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लिहिलेला, चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ, 'लीळाचरित्र'. मूळ शब्द लीला. त्यातला पहिला ल तसाच राहिला, दुसऱ्याचा ळ झाला. एकाच शब्दात दोन्ही नियम!

आता नावांकडे येऊ. गोपाळ म्हणजे गो अधिक पाल, गाईंचा सांभाळ करणारा. बाळ म्हणजे संस्कृतातला बाल, लहान मूल. निळकंठ म्हणजे विष पिऊन गळा निळा पडलेला शंकर. 1856 साली रत्नागिरीत एक मुलगा जन्मला. त्याचं नाव होतं केशव, पण घरातले त्याला बाळ म्हणत आणि तेच नाव कायमचं चिकटलं. ते बाळ गंगाधर टिळक. त्याच वर्षी कऱ्हाडजवळच्या टेंभूला जन्मले गोपाळ गणेश आगरकर. दोघांनी मित्रांच्या साथीने 1881 मध्ये 'केसरी' सुरू केला आणि पहिले संपादक झाले आगरकर. हिंदी पुस्तकात मात्र टिळकांचं नाव 'बाल गंगाधर तिलक' असं दिसेल. दोन्ही ळ गेले!

मग नव्या नावांतून ळ गेला कुठे? माझा अंदाज सांगतो. हल्ली आईबाबा नावं थेट संस्कृतातून उचलतात. लोकांच्या तोंडी घासून ळ व्हायला त्या नावांना वेळच मिळालेला नाही. म्हणून मुलाचं नाव विशाल, पण कोल्हापूर जिल्ह्यातला किल्ला विशाळगड. मुलगी कोमल, पण कैरी कोवळी. आणि सगळ्यात गमतीची जोडी म्हणजे धवल आणि ढवळ्या. धवल म्हणजे पांढरा शुभ्र. हाच शब्द गावात फिरता फिरता ढवळा झाला आणि पांढऱ्या बैलाचं नाव पडलं ढवळ्या. वर्गात एखादा धवल असेल तर त्याला हे सांगा, पण जरा लांब उभं राहून!

कधी कधी एकाच नावात दोन्ही नांदतात. गणितज्ञ मंगला नारळीकर यांचं नाव बघा. मंगला थेट संस्कृतातून आलेलं, म्हणून ल. आडनावात नारळ, जो नारिकेलपासून घडत घडत आला, म्हणून ळ.

ळ काही आपला एकट्याचा नाही. गुजरातीत, राजस्थानीत, पंजाबीत आणि ओडियातही तो आहे. ओडिशातला गोपाळ आपल्यासारखाच गोपाळ असतो. दक्षिणेतल्या भाषांत तर ळची चंगळच. तमिळनाडूतल्या श्रीविल्लिपुत्तूरची संतकवयित्री होती आंडाळ. बारा आळ्वार संतांमधली ती एकटीच स्त्री. तिच्या नावाचा अर्थ 'सत्ता गाजवणारी', आणि शेवटचा ळ तमिळमध्ये 'ती' दाखवणाऱ्या प्रत्ययातला. म्हणजे तिचा ळ आपल्या गोपाळसारखा 'ल'पासून झालेला नाही. आपल्याकडच्या वऱ्हाडी बोलीत मात्र ळ आणखी पुढे सरकला आणि त्याचा य झाला. तिथे डोळा होतो डोया आणि केळं होतं केयं. ऐकायला किती गोड!

आता तुमचं काम. घरातल्या मोठ्यांना पणजी-पणजोबांपर्यंतची नावं विचारा आणि ळवाली वेगळी काढा. प्रत्येक नावात ळच्या जागी ल ठेवून बघा, मूळ संस्कृत शब्द ओळखता येतो का. आजोळ विसरू नका, तिथली नावं बहुतेक वेळा राहूनच जातात. नावांत काही मिळालं नाही तर आडनावं चाळा. काळे, मुळे, पिंगळे, भोळे, जगदाळे असे पुष्कळ सापडतील. आणि शेजारी कुणी कुलकर्णी राहत असतील तर त्यांना विचारा, तुमच्या जुन्या कागदांवर कुलकर्णी आहे की कुळकर्णी? दोन्ही बरोबर आहेत.