नाटेकर, नंदू

नाटेकर, नंदू : (१२ मे १९३३–२८ जुलै २०२१). प्रख्यात भारतीय बॅडमिंटनपटू व आरंभीच्या काळातील गुणी टेनिसपटू. जन्म सांगली येथे.

दोन खेळांत नैपुण्य मिळविणारे खेळाडू भारतात पूर्वीही होऊन गेले. दोन महायुद्धांच्या दरम्यान सी. रामस्वामी यांनी डेव्हिस चषक स्पर्धेत टेनिस (१९२२) व इंग्लंडविरुद्ध कसोटी क्रिकेट (१९३६) अशा दोन्ही खेळांत भारताचे प्रतिनिधित्व केले. नाटेकरांवर मात्र दोहोंतून एकाची निवड करण्याची वेळ तरुणपणीच आली. १९५१–५२ मध्ये राष्ट्रीय कुमार टेनिस स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांनी त्यांचा पराभव केला. त्यानंतर त्यांनी बॅडमिंटनवर लक्ष केंद्रित केले व १९५३ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, राष्ट्रीय एकेरीचे अजिंक्यपद मिळविले.

हे दोन्ही खेळ जाळ्यावरून रॅकेटने खेळले जात असले, तरी त्यांचे तंत्र भिन्न आहे. टेनिसमध्ये उसळलेला चेंडू खांद्याच्या जोराने परतविता येतो. बॅडमिंटनमध्ये फूल जमिनीला लागण्यापूर्वीच टोलवावे लागते व मनगटाच्या चपळ हालचालीला अधिक महत्त्व असते. नाटेकरांचे मनगटी फटके, बॅकहँड व जाळ्यालगत हळुवार टाकलेले फूल ही त्यांच्या खेळाची वैशिष्ट्ये होत.

१९५४ मध्ये त्यांनी ऑल इंग्लंड स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरी गाठली. १९५६ मध्ये क्वालालुंपूर येथील सेलांगॉर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून परदेशात आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन अजिंक्यपद मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. त्या वेळी टॉमस चषक मलायाकडेच होता. त्यामुळे त्या भूमीवरील या यशाला विशेष महत्त्व आहे. ज्या खेळाचे प्रारंभीचे नियम १८७३ च्या सुमारास पुण्यात तयार झाले, त्यात भारतीय खेळाडूला हा मान मिळण्यास सुमारे ऐंशी वर्षे लागली.

राष्ट्रीय स्पर्धांत त्यांनी एकेरी व दुहेरीची प्रत्येकी सहा आणि मिश्र दुहेरीची पाच अजिंक्यपदे मिळविली. १९५१ ते १९६३ या काळात टॉमस चषक स्पर्धेत त्यांनी एकेरीच्या सोळांपैकी बारा लढती जिंकल्या. १९५९, १९६१ व १९६३ मध्ये ते संघनायक होते. १९६१ मध्ये सुरू झालेल्या अर्जुन पुरस्काराचे बॅडमिंटनमधील ते पहिले मानकरी होत.

त्यांनी मागे ठेवलेल्या टेनिसमध्ये त्यांचे पुत्र गौरव यांनी नाव मिळविले. १९९४ च्या हीरोशीमा आशियाई क्रीडास्पर्धांत लिअँडर पेस यांच्यासमवेत त्यांनी पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. नंदू नाटेकर यांचे पुणे येथे निधन झाले.