वैऱ्याच्या थडग्यावरील फुलें

अमेरिकेंत मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारीं रणांत पडलेल्या सैनिकांचा स्मृतिदिन पाळतात. मूळ दिवस ३० मे. जनरल लोगन यांनीं तो १८६८ सालीं थडग्यांवर फुलें वाहण्यासाठीं नेमिला. सोमवार आला तो १९७१ पासून, सलग सुटीच्या सोयीसाठीं!

परंतु आम्हांस आठवतात त्या मिसिसिपी प्रांतांतील कोलंबस गांवच्या स्त्रिया. यादवी युद्ध संपून जेमतेम वर्ष झालें होतें. १८६६ च्या एप्रिलांत त्या दक्षिणेच्या, म्हणजे आपल्या पक्षाच्या, मृतांस फुलें वाहावयास गेल्या. त्याच दफनभूमींत उत्तरेच्या सैनिकांचीं थडगीं बेवारशी पडलीं होतीं. त्यांवरही त्यांनीं फुलें वाहिलीं. दक्षिणेचा पक्ष दास्यप्रथेचा होता, हें खरेंच. तें विसरतां येत नाहीं. रावणाची उत्तरक्रिया करण्यास बिभीषण कचरला, तेव्हां श्रीरामांनीं त्यास ती करावयास लाविली, हें आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें शिकविलें. पण राम विजयी होता. या स्त्रिया हरलेल्या पक्षाच्या, आणि कित्येकींच्या घरचे पुरुष परतलेच नव्हते.

पुढच्याच वर्षीं उत्तरेच्या त्या सैनिकांचे अवशेष कॉरिंथच्या राष्ट्रीय दफनभूमींत नेण्यांत आले.