पाचशे बारा पत्त्यांचा वाटा

नांदेडच्या मोंढ्यातला आडत्या दुकानात कॅमेरे बसवतो आणि घरबसल्या त्यांतले चित्र मोबाइलवर थेट दिसावे म्हणून इंटरनेटवाल्याकडे ‘स्टॅटिक आयपी’, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता, मागतो. मिळेल, पण वेगळे पैसे पडतील, असे उत्तर येते. या जादा आकारामागे जगभरची टंचाई आहे आणि तिच्या वाटपाचे नियमही आहेत.

इंटरनेटला जोडलेल्या यंत्राला आकडी पत्ता लागतो. जुन्या ‘आयपीव्ही४’ पद्धतीत असे पत्ते सुमारे ४२९ कोटी. सुरुवातीला ते सढळ हाताने वाटले गेले. ॲपल, फोर्ड अशा एकेका कंपनीकडे १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते गेले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठा संपला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागाची पत्ते वाटणारी ‘एपनिक’ ही संस्था पत्त्यांच्या शेवटच्या गटावर आली आणि तिने रेशन लावले: त्या गटातून सभासदाला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते. २०१९ पासून ही मर्यादा ५१२ आहे. भारतात हे वाटप २०१२ पासून ‘निक्सी’ या संस्थेची ‘इरिन’ ही शाखा करते. त्यासाठी गरज दाखवावी लागते, जाळ्याचा आराखडा द्यावा लागतो. शिवाय या गटातले पत्ते मिळाल्यापासून पाच वर्षे दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत.

हे रेशन मला न्याय्य वाटते. बोली लावून पत्ते विकले असते तर उदगीर किंवा देगलूरमध्ये उशिरा इंटरनेटच्या धंद्यात आलेल्या माणसाच्या हाती काही लागले नसते. आज त्याची मर्यादा आणि मुंबईतल्या नव्या कंपनीची मर्यादा एकच आहे.

जिल्ह्यापुरत्या ‘क’ श्रेणीच्या इंटरनेट परवान्यावर काम करणाऱ्या व्यावसायिकाला बँडविड्थ आणि पत्ते दोन्ही मोठ्या कंपनीकडून घेता येतात. पण मग ती कंपनी सोडायची तर सगळ्या ग्राहकांचे पत्ते बदलणे आले. स्वतःचे पत्ते आणि आपल्या जाळ्याची ओळख सांगणारा स्वतःचा ‘एएस’ क्रमांक असेल, तर दोन कंपन्यांकडून जोडणी घेता येते. रस्त्याच्या कामात एक फायबर तुटली तरी दुसरीवरून त्याच पत्त्यांनिशी काम चालू राहते. लातूरच्या अभ्यासिकेत ऑनलाइन चाचणी देणाऱ्या मुलांसाठी एवढा फरक पुष्कळ असतो.

तरीही ५१२ पत्ते अपुरेच. समजा ग्राहक तीन हजार आहेत. मग एका पत्त्यामागे अनेक घरे बसवावी लागतात. सामायिक सातबाऱ्यासारखेच हे: नाव अनेकांचे, आणि तक्रार आली की कोणाचा हिस्सा कोणता ते शोधत बसायचे. एका घरातून गैरप्रकार झाला की त्या पत्त्यावरच्या सगळ्यांना संकेतस्थळे अडवू शकतात. कोणत्या वेळी कोण कोणत्या पत्त्यावर होते, याच्या नोंदी ठेवण्याचा भारही व्यावसायिकावरच येतो.

यावर खरा उपाय ‘आयपीव्ही६’ ही नवी पद्धत. त्यात सेवा पुरवठादाराला मिळणारा किमान गटच एवढा असतो, की ६५,५३६ ग्राहकांना प्रत्येकी ६५,५३६ उपजाळी देता येतात. २०१६ मध्ये आलेल्या जिओने हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली आणि भारत तिच्या वापरात जगातल्या आघाडीच्या देशांत गेला. मोबाइलवर जे सहज मिळते ते घरच्या फायबरवर अनेक ठिकाणी अजून मिळत नाही, याची खंत वाटते. जुने राउटर, जुनी सॉफ्टवेअर आणि प्रशिक्षणाचा अभाव अशी कारणे त्यामागे असतात. आयपीव्ही६ मध्ये पत्त्यांची टंचाई मात्र मुळीच नाही.

पत्तेवाटपाचे हे नियम बंद दाराआड ठरत नाहीत. ‘एपनिक’च्या धोरण बैठका वर्षातून दोनदा होतात, प्रस्ताव कोणीही मांडू शकतो आणि निर्णय सहमतीने होतो. नांदेडच्या गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेने किंवा स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाने स्थानिक केबलचालकांना या विषयाचे प्रशिक्षण द्यावे. व्यावसायिकांनी ५१२ पत्त्यांसोबत आयपीव्ही६ चा गटही मागावा. आणि ग्राहकांनी पुढचे बिल भरताना विचारावे: आमच्या घरी आयपीव्ही६ कधी देता?