कापूस ते पोशाख : स्वस्ताई आणि लवचीकता

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची जुनी, नामांकित पेठ. पुरवठ्यासाठी एकाच ठिकाणावर विसंबण्याचा धोका काय असतो, हे या पेठेच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

लँकेशायरच्या गिरण्या बहुतांश कापूस अमेरिकेतून घेत असत. १८६१ साली तेथे यादवी युद्ध पेटले, बंदरांची नाकेबंदी झाली आणि गिरण्या थंडावल्या. साहजिकच खरेदीदारांची दृष्टी वऱ्हाडाकडे वळली व कापसाचे भाव चढले. १८६५ मध्ये युद्ध संपताच ते कोसळले. पेठ मात्र टिकली; १८७० मध्ये जलंब-खामगाव हा रेल्वेफाटा मुख्यतः कापसाच्या वाहतुकीसाठीच सुरू झाला.

आजचा पेच

तयार कपड्यांच्या धंद्यात हाच पेच आजही आहे. दूरदेशी कमी मजुरीत शिवलेला कपडा स्वस्त पडतो. पण मागणी कित्येक महिने आधी नोंदवावी लागते. दरम्यान लोकांची आवड बदलली, तर न खपलेला माल सवलतीत विकावा लागतो आणि वाचवलेली मजुरी त्यातच जाते.

यावर अनुभवी कंपन्यांनी मध्यम मार्ग काढला आहे. वर्षभर सारख्या खपणाऱ्या कपड्यांचे काम दूरच्या स्वस्त कारखान्यांना दिले जाते, तर झपाट्याने बदलणारे प्रकार जवळ शिवून घेतले जातात. स्पेनची ‘झारा’ या पद्धतीसाठी प्रसिद्ध आहे. इटलीच्या ‘बेनेटन’ने बिनरंगी लोकरी कपडे आधी विणून ठेवून मागणीप्रमाणे नंतर रंगविण्याची युक्ती रूढ केली.

लवचीकतेचा भार कोणावर?

खरेदीदाराची लवचीकता पुष्कळदा पुरवठादाराची अनिश्चितता ठरते. २०२० मध्ये करोनाच्या साथीत परदेशी खरेदीदारांनी बांगलादेशातील अनेक मागण्या रद्द केल्या. शिवून तयार असलेला मालही पडून राहिला. म्हणून कापडासाठी आगाऊ रक्कम आणि मागणी रद्द झाल्यास भरपाई या अटी करारात असणे अगत्याचे ठरते.

जिल्ह्यापुढील वाट

जिल्ह्यात कापूस पिकतो, सरकी काढून गाठी बांधल्या जातात. परंतु मोल वाढते ते पुढे सूत, कापड व शिलाईत. अमरावतीनजीक नांदगाव पेठ येथील पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. अशा केंद्राशी जोडलेल्या लहान शिलाई घटकांना थोडा माल, थोड्या दिवसांत देता येईल. केवळ स्वस्त मजुरीवर मिळालेले काम त्याहून स्वस्त ठिकाणी निघून जाते. वेळेवर व चोख माल देणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.