पँट : आतली आणि बाहेरची

‘पँट’ हा शब्द आता मराठीच म्हणायला हरकत नाही. ती पँट, पँटचा खिसा, दोन पँटी शिवायला टाकल्या. शब्दाला आपण लिंग दिलं, विभक्ती लावली आणि इंग्रजीत जो कायम अनेकवचनात नांदतो त्याला एकवचनात आणून बसवलं. त्याच्या आधी आपल्याकडे विजार होती, ती फारसीतल्या ‘इजार’वरून आलेली. आमच्या आजोबांच्या पिढीत पाटलोण होती. कोट-पाटलोण घातलेला माणूस म्हणजे एक तर कचेरीतला साहेब, नाहीतर मुंबईहून आलेला पाहुणा. या शब्दांत लाजण्यासारखं काही आहे असं कुणाला कधी वाटलं नाही. म्हणूनच लंडनमध्ये ‘माझी पँट भिजली’ असं चारचौघांत इंग्रजीतून सांगितलं की ऐकणारे एकमेकांकडे का पाहतात, हे आधी कळतच नाही.

माझ्या भाचीला ते असंच कळलं नाही. सहा-सात वर्षांपूर्वी ती नोकरीनिमित्त लंडनला गेली. नवी नवलाई, जून महिन्यातला अवचित पाऊस, छत्री घरी राहिलेली. कचेरीत शिरता शिरता तिनं आपली पँट पार भिजल्याचं सांगितलं आणि खोलीत आधी शांतता पसरली, मग खसखस पिकली. ब्रिटिश कानाला ‘पँट्स’ म्हणजे आतला कपडा. बाहेरच्या कपड्याला तिथं ‘ट्राउझर्स’. हसणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, असं तीच सांगते. पण पुढचे दोन-तीन आठवडे ती बैठकीत तोंड उघडेना. आपण बोलतो त्यातला कुठला शब्द उलटेल कुणास ठाऊक, ही धास्ती. इथं आंतरमहाविद्यालयीन वादविवादाच्या ढाली जिंकलेली मुलगी! घरी फोनवर मात्र भरभरून बोलायची, कारण तिथं पँट ही पँटच होती.

तिची भीड मोडली ती बोल्टन गावच्या एका सहकाऱ्यामुळे. तो म्हणाला, आमच्याकडेही बाहेरच्या कपड्याला पँट्सच म्हणतात आणि लंडनला आल्यावर मलाही लोक असेच हसले होते. हे त्यानं तिची समजूत घालायला रचलेलं नव्हतं. मँचेस्टर, बोल्टन, प्रेस्टन या लँकेशायरच्या पट्ट्यात ‘पँट्स’ म्हणजे आपलीच ती पँट. मँचेस्टर विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञांनी इंग्लंडातल्या अशा बोलीशब्दांचे नकाशे केले आहेत, त्यात वायव्येचा हा कोपरा वेगळा उठून दिसतो. म्हणजे कापडगिरण्यांच्या मुलखातला इंग्रज आणि कऱ्हाडची मुलगी एका बाजूला आणि लंडन दुसऱ्या बाजूला! अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका हेही या दोघांच्याच बाजूचे. मग ‘चुकीचं इंग्रजी’ नेमकं कुणाचं म्हणायचं?

मूळ शब्दाची जन्मकथा तर नाटकातली आहे, अगदी शब्दशः. सोळाव्या शतकापासून इटलीत मुखवटे घालून खेळल्या जाणाऱ्या प्रहसनांत व्हेनिसचा एक म्हातारा, कंजूष व्यापारी हमखास असे. त्याचं नाव पांतालोने. आपल्या तमाशात जसा सोंगाड्या ठरलेला, तसा हा ठरलेला. त्याचा पायाला घट्ट बसणारा पोशाख इतका ओळखीचा झाला, की त्याचं नाव कपड्यालाच चिकटलं. शेक्सपिअरनं ‘अॅज यू लाइक इट’मध्ये माणसाच्या सात अवस्था सांगितल्या, त्यातली सहावी अवस्था या पांतालोनेच्या नावानंच येते. फ्रेंचांनी त्याचं ‘पांतालाँ’ केलं, इंग्रजांनी ‘पँटलून’ आणि आपण पाटलोण. व्हेनिसच्या त्या चिक्कू म्हाताऱ्याला आपण पिढ्यान् पिढ्या दोरीवर वाळत घालत आलो आहोत, याची कुणाला कल्पना होती?

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘पँटलून्स’चं ‘पँट्स’ झालं. सुशिक्षितांना ते मुळीच आवडलं नाही. ऑलिव्हर वेंडेल होम्स या डॉक्टर-कवीनं १८४६ साली एका पद्यातून या शब्दाची टर उडवली. शब्द काही थांबला नाही. इंग्लंडात मात्र बाहेरच्या कपड्यासाठी ‘ट्राउझर्स’ घट्ट बसला होता. (तोही मूळचा इंग्रजी नव्हे, आयर्लंड-स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतून आलेला.) मग ‘पँट्स’ला बाहेर जागाच उरली नाही आणि तो आतल्या कपड्याकडे वळला. पँटच्या खाली घालायची ती ‘अंडरपँट्स’, असा शब्दाचा साधा हिशेब. ब्रिटिशांनी त्यातला ‘खाली’ गाळून टाकला, म्हणून तिथं ‘अंडरपँट्स’ आणि ‘पँट्स’ एकच. त्यावर कडी म्हणजे १९९० च्या दशकात तिथल्या तरुण मंडळींनी ‘पँट्स’ हे विशेषणही करून टाकलं. सिनेमा ‘पँट्स’ होता, म्हणजे अगदीच टाकाऊ होता!

आमचं घर शिंप्याचं. वडिलांच्या मापांच्या वहीत शर्ट, पँट, लेंगा, जाकीट, निकर असे रकाने असायचे. त्यामुळे भाचीची हकिगत ऐकल्यावर मी बाकीचे शब्दही तपासत गेलो आणि एक गंमत दिसली. जे शब्द इंग्लंडबाहेर वरच्या कपड्याचे आहेत, ते इंग्लंडात आत शिरले आहेत. एकटी पँट नव्हे, ओळीनं तीन-चार.

‘व्हेस्ट’ घ्या. १६६६ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानं दरबारी पोशाखात व्हेस्ट आणली. सॅम्युअल पेपिसनं आपल्या रोजनिशीत तशी नोंद केली आहे. ती अर्थातच वरून घालायची, मिरवायची गोष्ट होती. अमेरिकेत आजही व्हेस्ट म्हणजे कोटाच्या आतलं, पण दिसणारं बिनबाह्यांचं जाकीट. इंग्लंडात त्याला वेस्टकोट नाव पडलं आणि व्हेस्ट सरकत सरकत बनियन झाली. आपल्याकडे होजिअरीच्या खोक्यांवर व्हेस्ट छापलेलं असतं ते ब्रिटिश वळणानं. यातून आमच्या मावशीची एक फेरी वाया गेली. न्यू जर्सीत वाढलेल्या नातवानं फोनवर सांगितलं, आत्याच्या लग्नासाठी आम्हां चार भावंडांना चार व्हेस्ट आण. मावशीला नवल वाटलं, अमेरिकेत काय बनियन मिळत नाहीत? पण नातवंडांची हौस! तिनं सांगलीच्या बाजारातून पंच्याऐंशी आणि नव्वद नंबरचे चांगले सुती बनियन निवडून नेले. पोरांना हवी होती सिल्कची जाकिटं. मुलं ते बनियन उन्हाळ्यात आवडीनं घालतात, हा भाग वेगळा.

‘निकर्स’ची कथा याहून नामी. वॉशिंग्टन अर्व्हिंग या अमेरिकी लेखकानं १८०९ साली न्यूयॉर्कचा एक विनोदी इतिहास लिहिला, डीडरिक निकरबॉकर या डच टोपणनावानं. पुढे त्या पुस्तकाच्या चित्रांत जुने डच लोक गुडघ्यापर्यंतच्या ढगळ तुमानी घातलेले दाखवले गेले आणि त्या कपड्याला ‘निकरबॉकर्स’ नाव पडलं, मग नुसतं ‘निकर्स’. अमेरिकेत निकर्स म्हणजे शाळकरी मुलांची आणि गोल्फवाल्यांची आखूड पँट. इंग्लंडात तोच शब्द बायकांच्या आतल्या कपड्याचा. आपल्याकडे तो आला मुलांच्या आखूड पँटचा अर्थ घेऊन आणि तसाच राहिला. शाळेची खाकी निकर आठवून ज्यांचे डोळे पाणावतात अशा गृहस्थांनी लंडनमध्ये ती आठवण जरा जपून सांगावी.

‘सस्पेंडर्स’चंही तेच. अमेरिकेत खांद्यावरून पँट धरणारे पट्टे, ब्रिटनमध्ये बायकांचे लांब मोजे धरणारे. आपण या भानगडीत पडलोच नाही. आपल्याकडे गॅलिस आहेत आणि ते आले ‘गॅलसेस’ या बोलीतल्या इंग्रजी शब्दावरून. ऑस्ट्रेलियातल्या ‘थाँग्ज’चं तर विचारूच नका. तिथं ती रबरी चप्पल आहे, एवढंच सांगतो.

शब्द आत का जातात? माझा आपला तर्क असा. आतल्या कपड्याचं नाव उघड घ्यायला माणूस संकोचतो, म्हणून बाहेरच्या कपड्याचं सोज्वळ नाव त्याला उसनं देतो. काही वर्षांत ते उसनं नावच ओशाळवाणं होतं, मग दुसरं शोधायचं. एकोणिसाव्या शतकातल्या सभ्य इंग्रजांना तर साध्या विजारीचाही उच्चार जड जाई. ते तिला ‘अनुच्चारणीय’ अशा अर्थाच्या शब्दांनी ओळखत. आणि जे लोक दूर गेले, अमेरिकेत किंवा आणखी कुठं, त्यांच्याकडे पुष्कळदा जुना अर्थच टिकून राहिला. माझ्या भाचीला हसलं गेलं ते तिच्या इंग्रजीत खोट होती म्हणून नव्हे. तिचा अर्थ लंडनच्या अर्थाहून जुना होता, इतकंच.

आपण तरी कुठं वेगळे आहोत? चड्डी हा शब्द घ्या. मुलाची शाळेची चड्डी बाहेरची, बापाची चड्डी आतली आणि संदर्भावरून घरात प्रत्येकाला बरोबर कळतं. लेंगा म्हणजे आपल्या आजोबांचा घरात बसायचा पायजमा. हिंदीतला लहंगा नवरीचा. ‘आजोबा लेंगा घालून अंगणात बसलेत’ हे दिल्लीच्या सुनेनं पहिल्यांदा ऐकलं तर तिनं काय चित्र डोळ्यांसमोर आणावं? बनियनही आधी आत नव्हता. अठराव्या शतकात ‘बनियन’ म्हणजे इंग्रज साहेबाचा घरात घालायचा पायघोळ झगा. त्यात बसून लोक आपली तैलचित्रं काढून घेत. नाव पडलं ते आपल्याकडच्या वाण्यांवरून. साहेबाचा झगा विरला आणि शब्द आपल्या शर्टाखाली येऊन बसला.

या सगळ्यांत माझा लाडका शब्द आहे गंजीफ्रॉक. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ गर्न्सी नावाचं बेट आहे. तिथल्या खलाशांचा जाड लोकरी, विणलेला अंगरखा म्हणजे ‘गर्न्सी फ्रॉक’. उत्तर इंग्लंडच्या कोळ्यांनी त्याचं ‘गॅन्सी’ केलं आणि आजही तिथं गॅन्सी म्हणजे समुद्राच्या गार वाऱ्यात वरून घालायचा दणकट स्वेटर. तोच शब्द आपल्याकडे आला आणि घामाच्या हवेत विरळ सुती होऊन सदऱ्याखाली गेला. शिवाय ‘फ्रॉक’ एव्हाना मुलींचा झालेला. तरीही आमचे वडील, चांगले मिशीवाले, रोज गंजीफ्रॉक घालून मशीनवर बसत आणि त्यात कुणाला काही खटकलं नाही.

भाची आता लंडनमध्ये ट्राउझर्स म्हणते, बोल्टनच्या मित्राशी बोलताना मुद्दाम पँट्स म्हणते आणि बैठकीत भरपूर बोलते. तिच्या मुलीच्या शाळेच्या गणवेशात ‘जंपर’ आहे, म्हणजे स्वेटर. न्यू जर्सीच्या चुलत बहिणीला मात्र जंपर म्हणजे ब्लाउजवर घालायचा बिनबाह्यांचा फ्रॉक. दोघींनी यंदा मावशीकडे एकाच दिवशी जंपर मागितला आहे. मावशीनं या खेपेला आधी फोटो मागवून घेतले. लोकर आणून ठेवली आहे, कापडही घेतलं आहे. अडलंय फक्त मापांपाशी, कारण एकीनं छाती इंचात कळवली आहे आणि दुसरीनं सेंटिमीटरमध्ये.