टीव्हीच्या होम स्क्रीनवरच्या जाहिराती: रूट नको, एडीबी पुरे

आजचा विषय आईमुळे सुचला. टीव्ही लावला की अर्धा स्क्रीनभर कुठल्यातरी सिनेमाचं पोस्टर, तिचं रोजचं ॲप कुठेतरी खाली. चुकून ओके दाबलं की थेट पैसे भरायचं पान. तिने रिमोटला हात लावणंच सोडलं होतं.

अँड्रॉइड टीव्हीवर ही पोस्टरं दाखवतो तो लाँचर. तोही शेवटी एक ॲपच, म्हणजे बदलता येतो. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’खाली ‘बिल्ड’वर सात वेळा ओके दाबा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे डीबगिंग चालू करायचं आणि त्याच वायफायवरच्या लॅपटॉपवरून एडीबीने टीव्हीला जोडायचं. टीव्हीवर परवानगी विचारतात, ती द्यायची. मग ‘पीएम डिसेबल-युजर’ या कमांडने मूळ लाँचर झोपवायचा. तो डिलीट होत नाही, ‘पीएम इनेबल’ने परत उठतो.

पण आधी प्रोजेक्टिव्हीसारखा दुसरा लाँचर टाकून, उघडून बघा. मी घाईत उलटं केलं. होम दाबलं तर नुसती काळी स्क्रीन! लॅपटॉप जोडलेला होता म्हणून वाचलो.

रूट करू का, असंही बरेच जण विचारतात. माझं मत, नको. बूटलोडर अनलॉक केला की बऱ्याच डिव्हाइसवर वाइडवाइनची एल१ पातळी जाऊन एल३ उरते, आणि नेटफ्लिक्स एचडी देणं बंद करतं. जाहिरात गेली, पण चित्रही गेलं. राउटरवर जाहिराती अडवणारा डीएनएस लावला तर काही ॲपमधल्या जाहिराती थांबतात. यूट्यूबच्या नाही, कारण तिथे व्हिडिओ आणि जाहिरात एकाच ठिकाणाहून येतात.

‘सगळं अनलॉक’ म्हणून विकले जाणारे स्वस्त बॉक्स तर घेऊच नका. जून २०२५ मध्ये एफबीआयने बॅडबॉक्स २.० बद्दल इशारा दिला, तो अशाच, आधीपासून मालवेअर भरलेल्या बॉक्सबद्दल होता. आणि फायर टीव्ही स्टिक ४के सिलेक्ट असेल तर लाँचर बदलायची वरची युक्ती चालणार नाही. त्यात अँड्रॉइड नाही, वेगा ओएस आहे.

आईच्या स्क्रीनवर आता सहा आयकॉन आहेत. परवा म्हणाली, “अरे, ते मोठं पोस्टर कुठे गेलं? कधीकधी बरे सिनेमे दिसायचे त्यात.”